लॅपटॉप हाच फोन होईल काय?



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेवर वाचून काही मंडळी मनात हसली असतील. खिशात मावणारा फोन घरी ठेवावा आणि दीड-दोन किलोंचा लॅपटॉप काखेत मारून हिंडावे, असा सल्ला नागपूरच्या वैशाखात कोणी देऊ लागला, तर वक्त्याला ऊन लागले असावे अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु मला हिंडण्याविषयी बोलावयाचे नाही. ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे आणि ज्यांना स्मार्टफोन नको आहे, किंवा तो वापरणे जमत नाही, अशी माणसे आपल्या आसपास पुष्कळ आहेत. कोणाला त्याची बारीक अक्षरे दिसत नाहीत, कोणाची बोटे कापतात, कोणाला परीक्षा होईपर्यंत तो दूर ठेवायचा असतो, आणि कोणाला त्याचा केवळ वीट आलेला असतो. ही सर्व मंडळी एकच प्रश्न विचारतात : पत्र लिहिणे, बोलणे, चेहरा पाहणे, तिकीट काढणे, बिल भरणे हे सारे लॅपटॉपवर होते, तर मग फोन हवाच कशाला?

प्रश्न सरळ आहे, पण त्याचे उत्तर यंत्राच्या पोटात शोधून पुरेसे मिळत नाही. ते मिळण्यासाठी फोनचा नंबर म्हणजे काय, हे आधी पाहावे लागते.

ज्यांची साठी उलटली आहे त्यांना ‘पी. पी.’ ही दोन अक्षरे आठवत असतील. लग्नपत्रिकेवर किंवा दुकानाच्या कार्डावर फोन नंबर छापलेला असे आणि त्यापुढे कंसात ‘पी. पी.’ असे. याचा अर्थ, हा फोन माझा नव्हे, शेजाऱ्यांचा आहे; तेथे फोन करा, ते मला हाक मारतील. महालातल्या एका वाड्यातील एकाच काळ्या फोनवर सगळ्या बिऱ्हाडांच्या सुखदुःखाच्या वार्ता येत. तेव्हा नंबर हा एक पत्ता होता. तो घराचा होता, गल्लीचा होता. त्यावरून माणूस कोण हे सिद्ध होत नसे, आणि कोणी तशी अपेक्षाही करीत नसे.

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवर संभाषण केले आणि आपल्या देशात हे नवे युग सुरू झाले. पुढे सन २००३ मध्ये आलेला फोन घेण्याचे पैसे पडेनासे झाले आणि मग तो सर्वांच्या हाती आला. नंबर घरातून निघून खिशात गेला, म्हणजे तो घराचा न राहता माणसाचा झाला. बदल एवढाच दिसला; त्याचे परिणाम पुढे वीस वर्षे उलगडत राहिले.

मौज अशी की, या सर्व प्रकारात संगणक काही मागाहून आलेला पाहुणा नाही. फोनवर पाठविलेला जगातील पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात गेला, तो संगणकावरून. नाताळच्या शुभेच्छांचे दोन शब्द होते ते, आणि ज्याला ते मिळाले त्याच्या फोनवर उलट उत्तर लिहिण्याची सोय नव्हती. सोबत नेता येणारा, आणि बाजारात चांगला खपलेला पहिला संगणक सन १९८१ मध्ये निघाला. त्याचा कर्ता अ‍ॅडम ऑस्बोर्न याचे बालपण तामिळनाडूत तिरुवण्णामलै येथे रमण महर्षींच्या आश्रमाच्या परिसरात गेले होते. त्या संगणकाचे वजन सुमारे अकरा किलो होते आणि त्यात बॅटरी नव्हती, तेव्हा त्याला मांडीवर घेण्याचा प्रश्नच नव्हता. आजच्या लॅपटॉपपर्यंतची मजल मोठी आहे, हे कबूल करावे लागेल.

आता या दोन यंत्रांमधील खरा शारीरिक फरक पाहू. झोपलेला फोन झोपलेला नसतो. भ्रमणध्वनीच्या कंपनीने सारा मुलूख भागाभागांत वाटलेला असतो, आणि आपण कोणत्या भागात आहोत हे फोन आपल्या नकळत मनोऱ्यांना कळवीत असतो. तुम्हाला कोणी फोन केला की त्या भागातील मनोरे तुमच्या नावाचा पुकारा करतात; कोर्टातला पट्टेवाला व्हरांड्यात येऊन पक्षकाराला हाक मारतो तसा. फोन दर एकदोन सेकंदांनी क्षणभर कान टवकारतो, आपले नाव नसेल तर पुन्हा डुलकी घेतो, आणि असेल तर वाजतो. एवढ्या काटकसरीमुळेच त्याची बॅटरी दिवसभर पुरते. लॅपटॉपची घडण निराळी. झाकण मिटले की तो बहुतेक कानही मिटतो. म्हणून लॅपटॉपवरून आपण जगाला हाक मारू शकतो, पण जगाने आपल्याला हाक मारली तर ती ऐकू येण्यासाठी झाकण उघडे असावे लागते. ज्यांना फोनचा वीट आला आहे त्यांना हा दोष गुणच वाटेल. ज्यांची मुलगी रात्री उशिरा स्टेशनवर उतरणार आहे, त्यांना वाटणार नाही.

दुसरी गोष्ट विजेची. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, परंतु घरातले वाय-फाय पुरविणाऱ्या डबीला ती नसते. वीज गेली की लॅपटॉप जिवंत आणि त्याची वाट बंद, अशी स्थिती होते. इन्व्हर्टरवर ती डबी जोडून घेणे हा त्यावर सोपा उपाय आहे. आणि उन्हाची गोष्ट तर आपल्याला सांगावयास नकोच. ही यंत्रे साधारणतः पस्तीस अंशांपर्यंतच्या हवेत वापरावीत असे निर्माते सांगतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. बंद मोटारीत लॅपटॉप ठेवून कॉटन मार्केटात खरेदीला जाणाऱ्याने परत आल्यावर बॅटरीला दोष देऊ नये.

हे झाले यंत्राचे. बोलण्याचे काय? लॅपटॉपवरून लॅपटॉपवर बोलणे आपल्या देशात १ एप्रिल २००२ पासून कायदेशीर आहे. परदेशातील साध्या फोनवर बोलण्यासही तेव्हाच मुभा मिळाली. पण लॅपटॉपवरून इथल्याच शेजाऱ्याचा फोन वाजविण्यास परवानगी नव्हती. शिकागोला बोलता यावे आणि सदरला येऊ नये, असा तो न्याय होता. स्काइप या प्रसिद्ध कंपनीने १० नोव्हेंबर २०१४ पासून भारतातल्या भारतात फोनवर बोलण्याची आपली सोय बंद केली, आणि ५ मे २०२५ रोजी ती सेवाच मिटली. सन २०१८ मध्ये सरकारने परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून कोणत्याही फोनवर बोलणे जोडून देण्यास मोकळीक दिली, आणि त्याच वर्षी जुलैत भारत संचार निगमने ‘विंग्ज’ नावाची योजना जाहीर केली. वर्षाला १०९९ रुपये, स्वतंत्र दहा अंकी नंबर, सिम कार्ड नाही; लॅपटॉपवरूनसुद्धा साध्या फोनवर बोलावे. म्हणजे लॅपटॉप हाच फोन, ही कल्पना सरकारी कंपनीनेच एकदा अंमलात आणून दाखविली होती. ती घरोघर का पोहोचली नाही? मला वाटते, लोकांचे बोलण्यावाचून अडले नव्हते. अडत होते ते दुसरीकडे.

कोठे, ते पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, धंतोलीत एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांचा फोन सकाळी पाण्याच्या बादलीत पडला. ते शांत आहेत, कारण टेबलावर लॅपटॉप आहे. पुण्याच्या मुलाशी त्यांनी पडद्यावर समोरासमोर गप्पा मारल्या. त्यासाठी केवळ ई-मेलचे खाते लागले, फोन लागला नाही. वर्तमानपत्र वाचले. एका विद्यार्थ्याचा प्रबंध तपासून परत पाठविला. व्हॉट्सअॅप लॅपटॉपवर आधीच जोडलेले होते, ते चालू राहिले. दुपारी विजेचे बिल भरावयास बसले. नाव, परवलीचा शब्द, रक्कम, सर्व बरोबर. मग पडद्यावर अक्षरे आली : आपल्या मोबाइलवर पाठविलेला आकडा येथे लिहा.

येथे प्राध्यापकांचा लॅपटॉप थांबला. तिकीट काढू पाहिले, तर तेथेही तोच आकडा. १५ जुलै २०२५ पासून रेल्वेच्या तत्काळ तिकिटाला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा आकडा सक्तीचा झाला आहे. संध्याकाळी गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, “सर, ओटीपी सांगा.” प्राध्यापक तेच, घर तेच, दारावरची पाटी तीच, आणि सिलिंडर आणणारा त्यांना दहा वर्षे ओळखतो. तरी त्याला आकडा पाहिजे.

श्रोते हो, या आकड्यामागे काय आहे ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण सर्व गुंता येथे आहे. सिम कार्ड म्हणजे नुसता नंबर लिहिलेला तुकडा नाही. त्यात एक गुप्त किल्ली कोरलेली असते. तिची जोड कंपनीच्या कार्यालयात असते आणि तिसरीकडे कोठेही नसते. फोन सुरू झाला की कंपनी त्याला एक वाटेल तो आकडा पाठविते. कार्ड त्या आकड्यावर आपल्या किल्लीने गणित करून उत्तर पाठविते, आणि कंपनी तेच गणित आपल्याकडे करून दोन्ही उत्तरे ताडून पाहते. किल्ली स्वतः कधीच बाहेर पडत नाही. पूर्वी राजपत्राच्या शेवटी मोर्तब होई आणि शिक्का कारभाऱ्याच्या हातून सुटत नसे, त्यातलाच हा प्रकार. बँकांनी विचार केला की, प्रत्येकाच्या खिशात असा उत्तम शिक्का आयताच आहे, तर वेगळा द्या कशाला? सन २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरी खूण आवश्यक केली, आणि हळूहळू ती दुसरी खूण म्हणजे फोनवर येणारा आकडा, असे समीकरणच बनले. पत्ता म्हणून जन्मलेला नंबर सही बनला, तो असा.

यूपीआयने तर ही गाठ अधिक घट्ट केली. ११ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या या पद्धतीवर ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. तिच्यात नाव नोंदविताना फोन आपल्या सिमवरून एक संदेश गुपचूप बँकेकडे पाठवितो. तो कोणत्या नंबरवरून आला हे बँक पाहते आणि ते खाते, तो नंबर व ते यंत्र यांचे लग्न लावून देते. साध्या लॅपटॉपला सिम नाही, म्हणून त्याचे या मांडवात काम नाही. काही लॅपटॉपांत सिमची खाच असते, आणि पंधरा वर्षांपूर्वी आपण जी डोंगल लावीत होतो तिच्या खिडकीत लघुसंदेश वाचताही येत; तेव्हा ओटीपी लॅपटॉपवर घेणे यंत्राला मुळीच अशक्य नाही. पण ही पैशाची अ‍ॅपे फोनसाठीच रचलेली आहेत.

मग फोनवाचून पैसे देणे अशक्यच आहे काय? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच गावात दिले गेले आहे. १४ एप्रिल २०१७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीदिनी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी नागपुरात ‘भीम-आधार’ या योजनेचे उद्घाटन केले. तिच्यात गिऱ्हाइकाजवळ फोन नको, कार्ड नको. यंत्र दुकानदाराजवळ. गिऱ्हाइकाने बँकेचे नाव आणि आधार क्रमांक सांगावा, अंगठा टेकवावा, पैसे खात्यातून जातात. ज्या अंगठ्याने आपण पिढ्यान्‌पिढ्या निरक्षरता ओळखत आलो तोच येथे सर्वांत पुढारलेली सही झाला. ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते, कारण ओळख पटविण्याचा भार तिने गिऱ्हाइकाच्या खिशावरून उचलून दुकानदाराच्या गल्ल्यावर ठेवला. परंतु अंगठ्याचे यंत्र दुकानदाराला विकत घ्यावे लागते आणि छापील चौकटीचा कागद जवळजवळ फुकट पडतो. बर्डीवरून चक्कर मारा. चहाच्या टपरीपासून सोनाराच्या पेढीपर्यंत चौकटीचे कागद दिसतील. अंगठ्याचा व्यवहार मुख्यतः खेड्यापाड्यांत, बँकेच्या प्रतिनिधीकडून रोख रक्कम काढण्यासाठी उरला. स्वस्त वस्तू जिंकली. अंगठ्याची नक्कल करून पैसे लुबाडल्याच्याही तक्रारी पुढे झाल्या, हे लपवून चालणार नाही.

आणि गाठ सुटण्याऐवजी आवळतच आली आहे. व्हॉट्सअॅपचा मूळ फोन चौदा दिवस वापरला नाही तर जोडलेला लॅपटॉप आपोआप बाहेर पडतो, हा त्या कंपनीचा जुना नियम. आपल्या प्राध्यापकांनी फोन दुरुस्त केला नाही तर पंधराव्या दिवशी त्यांची ही वाटही बंद होईल. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने आदेश काढला की, संदेशांची अशी अ‍ॅपे मूळ सिमशी सतत बांधलेली असावीत आणि संगणकावरील जोडणी जास्तीत जास्त सहा तासांनी तोडून पुन्हा नव्याने करावी. कंपन्यांना त्यासाठी नव्वद दिवसांची मुदत दिली. कारण खोटे नव्हते : भारतीय नंबर वापरून परदेशातून फसविणाऱ्या टोळ्यांनी ‘डिजिटल अटक’ वगैरे धाक घालून म्हाताऱ्याकोताऱ्यांची आयुष्यभराची पुंजी लुटली आहे. चोर पकडलाच पाहिजे. पण एका हातात चोर सापडावा म्हणून सर्वांच्याच मनगटाला दोरी बांधली जाते तेव्हा ती किती घट्ट असावी, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. दिवसभर कार्यालयात लॅपटॉपवर काम करणाऱ्या माणसाला दर सहा तासांनी फोन काढून आपण आपणच आहोत हे सांगावयास लावणे, हा उपाय मला तरी जाचक वाटतो.

दुसऱ्या बाजूने मात्र एक खिडकी किलकिली झाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ओळख पटविण्याविषयी नवे नियम काढले व त्यांच्या पूर्ततेसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. दोन खुणा हव्यातच, पण त्यांपैकी एक फोनवर येणारा लघुसंदेशच असला पाहिजे असा आग्रह त्यांत नाही. दर तीस सेकंदांनी बदलणारा आकडा लॅपटॉपवरच तयार करण्याची पद्धत जगभर रूढ आहे. तिचे प्रमाण सन २०११ मध्येच ठरलेले आहे. खातेदारांनी मागणी केली तर आपल्या बँकांना तसे करणे जड नाही. मागणी करावी लागेल, कारण न मागता मिळालेली सोय मी अजून पाहिलेली नाही.

तोवर काय करावे? ज्यांना स्मार्टफोन नको आहे त्यांनी एक साधा बटणांचा फोन घ्यावा, सिम त्यात घालावे आणि तो पूर्वीच्या काळ्या फोनसारखा घरात एका ठरलेल्या जागी ठेवावा. बाकी सर्व कामे लॅपटॉपवर. ओटीपी त्या फोनवर येतो, तो पाहून पडद्यावर लिहावा. अडीअडचणीला ११२ हा नंबर त्याच फोनवरून फिरवावा; साध्या लॅपटॉपच्या भरवशावर ते काम टाकू नये. बटणांच्या फोनवरून पैसे देण्याची ‘१२३पे’ ही सोय ८ मार्च २०२२ पासून आहे, तिच्यात बोलून किंवा आकडे दाबून दहा हजारांपर्यंत रक्कम देता येते. दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून कंपन्यांना केवळ बोलणे आणि लघुसंदेश एवढ्याचेच रिचार्ज विकणे भाग पाडले आहे, आणि त्याची मुदत वर्षभराचीही असू शकते. दुकानदार इंटरनेटसकटचे महाग रिचार्ज पुढे करील. आपण नाव घेऊन दुसरे मागावे. हा फोन विसरून मात्र जाऊ नये, कारण नव्वद दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होण्याची वेळ येते, आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला दिला जातो. मग आपली सही त्याच्या खिशात.

सही दुसऱ्याच्या खिशात असणे ही गोष्ट पुष्कळ घरांत आजच घडलेली आहे, म्हणून तिच्याविषयी शेवटी बोलतो. खाते आईचे असते, आधार आईचे असते आणि नंबर मुलाचा किंवा यजमानांचा दिलेला असतो. खाते उघडताना तेच सोयीचे वाटले होते. मुलगा बंगळूरला गेला. आता आईला सिलिंडर घ्यायचा तर बंगळूरला फोन लावून आकडा विचारावा लागतो, आणि तिचे पैसे कधी निघाले हे तिच्याआधी त्याला कळते. यजमान निवर्तले आणि त्यांचे सिम बंद झाले तर बाईंना आपलेच खाते उघडेना, अशी वेळ येते. घरात कितीही उत्तम लॅपटॉप असला तरी तो येथे उपयोगी पडत नाही. आपल्या घरातील प्रत्येक पासबुकाशी कोणाचा नंबर जोडलेला आहे, हे या आठवड्यात पाहावे, अशी माझी भगिनीवर्गाला विशेष विनंती आहे. बँकेत तो बदलण्यासाठी शाखेत जाऊन अर्ज द्यावा लागतो. आधारवरचा नंबर आधार केंद्रावर बदलून मिळतो; १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याला ७५ रुपये पडतात. जुना नंबर हाती नसला तरी अडत नाही. तेथे अंगठा चालतो.